बेस गिटार: एका फ्रेटला एक बोट, हा हट्ट कशासाठी?

खर्जवाला: क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं, चार फ्रेट (नेकवर, म्हणजे वाद्याच्या दांडीवर, धातूच्या पट्ट्यांनी पाडलेले खण), चार बोटं, एकाला एक. तेही थेट पहिल्या फ्रेटपासून. तीन महिन्यांत करंगळीपासून कोपरापर्यंत कळ यायला लागली. मग फूटपट्टी काढली. ३४ इंची स्केलच्या (म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीच्या) बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत सुमारे १३० मिलिमीटर भरतात. साडेपंचवीस इंची गिटारवर हेच अंतर ९७. म्हणजे गिटारचा नियम उचलला आणि बेसच्या गळ्यात मारला! माझं मत: पाचव्या फ्रेटच्या खाली, म्हणजे पहिल्या ते चौथ्यात, तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी, एवढंच. अनामिकेने करंगळीला नुसता टेकू द्यायचा. तीन फ्रेट झाले की हात सरकवा. व्हिएन्नात फ्रान्झ सिमांडल डबल बेसवर (उभं धरून वाजवायचं मोठं व्हायोलिनसारखं वाद्य) १९व्या शतकात हेच शिकवत होता.

मंद्रसप्तक: सिमांडलच्या वाद्याची तार मीटरभर लांब, शिवाय त्याला फ्रेटच नाहीत. ते इथे कशाला? पांढरी एकचं (म्हणजे सी पट्टीचं) शुद्ध स्वरांचं सप्तक घ्या. ए तारेवर तिसऱ्या फ्रेटला मधलं बोट ठेवा, दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटमध्ये अख्खं सप्तक बसतं, हात जागचा हलत नाही. तुम्ही किती वेळा सरकणार?

खर्जवाला: एकदा. रे आणि प मोकळ्या (बोट न दाबलेल्या) तारांवर घेतो, फक्त शेवटच्या सा ला करंगळी पाचव्यावर.

स्टेजवरचा: हे घरी ठीक आहे हो. लग्नाच्या कार्यक्रमात गायक ऐनवेळी म्हणतो, 'पांढरी एक नको, काळी एक (अर्धा सूर वर) घ्या.' गेल्या तुमच्या मोकळ्या तारा! चार बोटांवर बसवलेलं असेल तर तोच साचा एक फ्रेट पुढे, डोकं चालवायला लागत नाही. शिवाय मोकळी तार बंद कोण करणार? ती पुढच्या सुरात गुंजत राहते.

हाडवैद्याचा_नातू: सगळ्यांनी तळहात टेबलावर पालथा ठेवा. मधलं बोट आत दुमडा. आता अनामिका उचला. उचलली? शेजारच्या बोटांच्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) हाताच्या मागच्या बाजूला एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून अनामिका अडते. तो आळशीपणा नाही, आणि रियाज करून त्या कंडरा सुटत नाहीत.

मंद्रसप्तक: मग सतारीसारखी दोनच बोटं वापरा की!

सवाई_अंगठा: बोटांवरून भांडताय, पण कोपरापर्यंत जाणारी कळ बहुतेक अंगठ्याची असते. अंगठा नेकवरून काढा, बेस अंगाशी धरून नुसत्या हाताच्या वजनाने सूर दाबा. फरफरला, तर एक तर बोट फ्रेटच्या पट्टीपासून लांब पडतंय, नाहीतर इतके दिवस तुम्ही नेक चिमट्यात पिळत होता. पट्टीला लगटून बोट ठेवलं की निम्म्या जोरात भागतं. मला हे कळायला चार वर्षं लागली, तोवर मनगटाला पट्टा बांधून फिरत होतो.

नवशिक्या: ३० इंची बेस घेतला तर? तिथे पहिल्या ते चौथ्यात ११४ भरतात.

स्टेजवरचा: घ्या. पण सगळ्यात जाड ई तारेचा ताण आधी दुकानात बोट लावून बघा. मला ती ढिली लागते, तुम्हाला आवडेलही.

खर्जवाला: काल काळी एक मोकळ्या तारांशिवाय वाजवून पाहिलं. चारदा सरकावं लागलं आणि दोनदा तार चुरचुरली, तेवढं मान्य. तरी पहिल्या फ्रेटवर मी चार बोटं ताणणार नाही.

मंद्रसप्तक: पहिल्या फ्रेटवर मीही ताणत नाही! पण तुम्ही हद्द पाचव्याला आखलीत. माझा हात तिसऱ्यापासून आरामात बसतो.

खर्जवाला: तुमचा पंजा केवढा आहे, तेही सांगा म्हणजे झालं.