मदत हवी आहे: मणक्यातली कॅन्सर नसलेली गाठ कुणाची काढलीय का?

आईची कंबर आणि डावा पाय ८ महिने दुखतोय. सगळे सायटिका म्हणाले, मणक्यात गॅप आहे म्हणाले. शेक, गोळ्या, व्यायाम, सगळं झालं. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. मणक्यातली गादी (डिस्क) सरकली असली तर आडवं झाल्यावर बहुधा बरं वाटतं, हिचं उलट. रात्री दोन-अडीचला कळ उठायची आणि ती पोटाशी उशी धरून खुर्चीतच डुलक्या काढायची.

शेवटी कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन एमआरआय केला. कमरेच्या ४थ्या-५व्या मणक्यापाशी नसेवर गाठ निघाली, श्वानोमा. ही बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, हळू वाढते. पण नस दाबली जातेय, चालताना डाव्या पायातली चप्पल निसटतेय, म्हणून काढायला सांगितलीय.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे ऑपरेशन झालंय का? पायाची बधिरता किती दिवसांनी कमी झाली? पाऊल पूर्वीसारखं उचलतं का? ऑपरेशन चालू असताना नसांचं मॉनिटरिंग केलं होतं का? लघवीवरचा ताबा अजून शाबूत आहे, तो गेला तर तातडीने दवाखाना गाठायचा हे माहीत आहे.

आई फार घाबरलीय. यातून गेलेल्या कुणाशी बोलली तर तिला धीर येईल.