मदत हवी आहे: ओएनआय आणि मराठवाड्याचा पाऊस जुळतच नाही

काळी_माती
पुण्याच्या आयआयटीएमच्या (उष्णदेशीय हवामान संस्था) मालिकेतून मराठवाडा उपविभागाचा जून-सप्टेंबरचा पाऊस घेतला, १९८० ते २०१६. शेजारच्या रकान्यात नोआचा (अमेरिकेची हवामान-सागर संस्था) ओएनआय, म्हणजे प्रशांत महासागर किती तापला ते सांगणारा एल निनोचा निर्देशांक. एल निनो डिसेंबरच्या सुमारास शिखरावर असतो म्हणून तक्त्यातला पहिला रकाना, डीजेएफ, उचलला. सहसंबंध शून्याच्या आसपास येतोय. चूक कुठे आहे?

खारे_वारे
वर्ष सरकलंय. डीजेएफ म्हणजे डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारी, आणि तक्त्यात त्याला वर्ष लागतं ते जानेवारीचं. २०१६ च्या ओळीतला २.५ हा आकडा डिसेंबर २०१५ पासूनचा आहे. तो तुम्ही २०१६ च्या पावसाशेजारी ठेवलात, आणि त्या वर्षी तर मराठवाड्यात सरासरीहून जास्त पाऊस पडला. या एल निनोने मारलेला पावसाळा २०१५ चा, तूट सुमारे ४० टक्के. २०१५ च्या ओळीत डीजेएफ आहे फक्त ०.५.

जेएएस (जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर) घ्या, वर्षाचा रकाना सोडून आठवा. तिथे २०१५ ला १.९ दिसेल आणि २०१६ ला उणे ०.५. मजकूर-फाइल उतरवली असेल तर शेवटचा रकाना (विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा फरक) वापरा. त्याआधीचा रकाना प्रत्यक्ष तापमानाचा असतो, तो नको.

विषुववृत्त
शिखर डिसेंबरात, मग पाऊस जुलैत का बिघडतो, हेही समजून घ्या. एरवी व्यापारी वारे उबदार पाणी इंडोनेशियाकडे ढकलून ठेवतात आणि हवा तिथे वर चढते. वारे ढिले पडले की ते पाणी पूर्वेकडे पसरतं, ढगांचा पट्टाही त्याच्यामागे सरकतो, आणि इंडोनेशियापासून आपल्याकडे हवा खाली बसू लागते. वातावरणाला हे कळायला शिखराची वाट पाहावी लागत नाही.

मात्र पाणी कुठे तापलं याला फार महत्त्व आहे. ओएनआय फक्त नीनो ३.४ चौकटीची (५ उत्तर ते ५ दक्षिण, १७० ते १२० पश्चिम) तापमान-विचलनाची तीन महिन्यांची सरासरी सांगतो. १९९७ चा जेएएस १.९ होता, तरी देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. २००२ ला जेमतेम ०.९, आणि पाऊस ८१ टक्के! आयआयटीएमच्या कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की तापलेलं पाणी मध्य प्रशांतात असेल तर भारतात दुष्काळाचा धोका जास्त, पेरूच्या बाजूला असेल तर कमी.

काळी_माती
जेएएस घातला. चिन्ह उणे आलं, पण ठिपके फार विखुरलेत. आयओडी (हिंदी महासागरातला द्विध्रुव) जोडू का?

खारे_वारे
जोडा, पण बेतानं. आयओडी म्हणजे पाण्याच्या तापमान-विचलनातला फरक: हिंदी महासागराचा पश्चिम तुकडा (५० ते ७० पूर्व) वजा सुमात्राजवळचा (९० ते ११० पूर्व). तो जोर धरतो सप्टेंबर-नोव्हेंबरात, त्यामुळे जून-जुलैची तूट त्याच्या नावावर टाकू नका. २०२३ पाहा: ऑगस्टमध्ये देशात ३६ टक्के तूट, १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट. धन आयओडी (पश्चिम तुकडा जास्त तापलेला) त्यानंतर ठळक झाला आणि सप्टेंबर ११३ टक्क्यांवर गेला. सगळं श्रेय त्यालाच देता येत नाही, पण वेळ लक्षात घ्या. शिवाय एल निनो आणि धन आयओडी पुष्कळदा जोडीनं येतात, म्हणून आंशिक सहसंबंध (एकाचा परिणाम वगळून दुसऱ्याचा) काढा.

तुमची वर्षं ३७. पाच टक्के पातळीवर सहसंबंध साधारण ०.३३ च्या पुढे हवा. ठिपके विखुरणारच. अख्ख्या भारताचा पाऊस घेतला तरी आकडा उणे ०.५ च्या आसपास घुटमळतो, म्हणजे चढउताराचा जेमतेम चौथा हिस्सा. त्यापेक्षा वर्षांचे तीन गट करा (जेएएस ०.५ च्या वर, उणे ०.५ च्या खाली, मधली) आणि प्रत्येक गटात ९० टक्क्यांखालचे पावसाळे किती ते मोजा. सहसंबंधापेक्षा हे बोलकं ठरतं.

विषुववृत्त
एक धोक्याची सूचना. जेएएस हा पावसाळ्यातलाच आकडा, त्यामुळे त्यातून नातं तपासता येतं, पेरणीचा अंदाज बांधता येत नाही. मे महिन्यात हाती असतो फेब्रुवारी-एप्रिलचा ओएनआय, आणि वसंतातले एल निनोचे अंदाज सर्वात कच्चे असतात. २०१४ ला मोठ्या एल निनोची हाकाटी झाली आणि वर्षभर तो रांगतच राहिला. तरी देशात पाऊस ८८ टक्केच. तेव्हा २०१४ कुठल्या गटात टाकायचं ते आधी ठरवून ठेवा, निकाल पाहून नको.