मदत हवी आहे: एम३च्या मालिकेतला व्याख्याबदल कसा सांधायचा?

एम३ची, म्हणजे मुख्यतः लोकांकडची रोकड आणि बँकठेवी मिळून होणाऱ्या पैसापुरवठ्याची, वार्षिक वाढ काढायची आहे, पण मधल्या एका महिन्यात काही वित्तसंस्था बँकांच्या यादीत आल्या आणि शिल्लक एकदम फुगली. सरळ बारा महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी तुलना केली, तर ही खोटी वाढ वर्षभर दिसत राहते. म्हणून युरोपियन सेंट्रल बँकेच्या धर्तीवर निर्देशांक जोडतोय: आधीचा निर्देशांक × (१ + महिन्यातले निव्वळ व्यवहार ÷ मागच्या महिनाअखेरची शिल्लक). विनिमयदरामुळे परकीय चलनातल्या ठेवींचं मूल्य बदलतं, ते आधीच वगळलंय.

अडलंय ते पुनर्वर्गीकरणाशी, म्हणजे या संस्था बँकांत धरल्या जाण्याशी. बदलाच्या महिन्याचे जुन्या व्याख्येचे आकडे उपलब्ध नाहीत. नव्या संस्थांकडच्या लोकांच्या ठेवी वजा करायच्या हे उघड आहे. पण त्यांनी स्वतः बँकांत ठेवलेला पैसा आधी एम३मध्ये होता, आता आंतरबँक (बँकांचा आपसातला पैसा, जो एम३मध्ये धरत नाहीत) म्हणून गळला. तो परत मिळवायचाच ना? आणि या संस्थांचा ताळेबंद तिमाहीच असेल, तर महिनाअखेरचा अंदाज कसा बांधता?