वळिवडे कॅम्पातली ज्यू मुलगी: कादंबरीचा सांधा जुळत नाही

रंकाळाकाठ:
कादंबरीचा कच्चा खर्डा असा आहे. वॉर्साची ज्यू मुलगी नाझींच्या डाखाऊ छळछावणीतून सुटते, १९४३ मध्ये आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पात येते. दंडावर नंबर गोंदलेला. छावणीचे प्रसंग अंगावर येतात, पण छळाने माणसाचं नेमकं काय झालं ते दिसतच नाही. चुकतंय कुठे?

जुना_नकाशा:
दादा, आधी वाट दुरुस्त करा. डाखाऊ सुटली एप्रिल १९४५ मध्ये, आणि तिथे प्रामुख्याने पुरुष कैदी. नंबर फक्त आउश्वित्झमध्ये गोंदत, तोही बहुधा डाव्या कोपराखाली. दंड सोडा.
वळिवड्यात आलेले सुमारे पाच हजार पोलिश हे रशियाने (सोव्हिएत संघाने) हद्दपार केलेल्यांतले, बहुतेक कॅथॉलिक. तरीही तुमची मुलगी त्यांच्यात बसते. सप्टेंबर १९३९ मध्ये काकाबरोबर पूर्व पोलंडातल्या ल्वुव शहराकडे पळवा; तो भाग रशियाने घेतला. जून १९४० मध्ये रशियनांनी अशाच निर्वासितांना उचललं, त्यात ज्यू पुष्कळ. मग रशियाच्या उत्तरेत लाकूडतोड. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर सुटका, १९४२ मध्ये सेनापती अँडर्सच्या पोलिश सैन्यामागून कास्पियन ओलांडून इराण, पुढे कराची, वळिवडे. त्या सैन्याबरोबर बाहेर पडायला ज्यूंना फार अडवत. म्हणून काकाने तिला कॅथॉलिक नाव दिलं असं घ्या. आता कॅम्पातल्या चर्चमध्ये दर रविवारी तिला खोट्या नावाने गुडघे टेकायचेत. परिणाम दाखवायला आणखी काय पाहिजे?

शाहूपुरी_वाचक:
आणि आईवडील, धाकटा भाऊ वॉर्सातच ठेवा. तिथे ज्यूंची खूण म्हणून पिवळा तारा लिहू नका, ही चूक फार होते. वॉर्सात दंडाला पांढरी फीत आणि तिच्यावर निळा तारा. नोव्हेंबर १९४० मध्ये घेटो, म्हणजे ज्यूंना कोंडलेली वस्ती, भिंत घालून बंद झाला. १९४१ मध्ये अधिकृत शिधा माणशी रोज २०० कॅलरींच्या आतबाहेर. तेवढ्यावर कुणी जगत नाही, म्हणून भिंतीच्या भोकातून मावतील अशी लहान पोरं पलीकडून बटाटे, पाव आणत. बाप बिनकामाचा घरात बसलेला आणि आठ वर्षांचं पोर घर चालवतंय. त्या घरात मोठा कोण? बाप पोराला रागावू शकत नाही, जेवताना आधी त्याच्याकडे बघतो. एवढा एक प्रसंग नीट लिहा, मारहाणीची दहा पानं खुशाल काढून टाका.
२२ जुलै १९४२ पासून दोन महिन्यांत अडीच लाखांहून जास्त लोक ट्रेब्लिंकाला नेले. ती छळछावणी नव्हे, मृत्युछावणी. तिथे बहुतेकांना नंबर नाही, बराक नाही; उतरल्यावर काही तासांत मारत. तिथला लांबलचक ‘छावणीतला दिवस’ लिहाल तर फसाल.

रंकाळाकाठ:
चर्चमधल्या खोट्या नावाचा धागा घेतो. वळिवड्यात तिला आईचं पत्र आलेलं चालेल का? शेवट पोलंडला परतण्याचा आहे.

जुना_नकाशा:
परतीचा काळ जपून. जुलै १९४६ मध्ये किएल्त्से गावात जमावाने ४२ ज्यू मारले. ती बातमी कळल्यावर खरं नाव घेऊन जायला ती धजावेल का? कॅम्प १९४८ पर्यंत रिकामा झाला आणि फाळणीने घरं सुटलेले सिंधी तिथे आले. आजचं गांधीनगर तेच. कापड घ्यायला जातो आपण.
पत्र वळिवड्यात येणार नाही. वॉर्साहून रशियात टपाल पोचे ते जून १९४१ पर्यंत, हल्ल्यानंतर तुटलं. शेवटचं पत्र लाकूडतोडीच्या मुक्कामीच मिळू द्या. त्यावर तिचं खरं नाव असणार, म्हणजे वळिवड्यात ते लपवावंच लागेल.