फ्रान्समधल्या पायवाटा : गावं, रानं, पाणथळी. तुमचे अनुभव लिहा

वाटसरू

पॅरिस, नीस, शामोनीवर मराठीत ढिगाने लिहून झालंय. हा धागा त्यासाठी नाही. गावच्या चर्चमागून निघणारी, मक्याच्या बांधाने जाणारी, मध्येच रानात शिरणारी आणि पुढच्या गावात बेकरीपाशी नेऊन सोडणारी वाट ज्यांनी तुडवली आहे त्यांनी इथे लिहा. आल्प्सवाल्यांनी कृपया दुसरीकडे.

यात माझा स्वार्थही आहे. आईबाबा मे महिन्यात आमच्याकडे तूर शहरात येतायत. बाबा रोज पर्वती चढणारे, आईचे गुडघे कुरकुरणारे आणि दोघंही पक्के शाकाहारी.

नवख्यांसाठी खुणांचं एवढं सांगून ठेवते: झाडावर, दगडावर, विजेच्या खांबावर पांढरा-लाल पट्टा दिसला की ती लांब पल्ल्याची जी.आर. वाट. पिवळा-लाल म्हणजे एखाद्या प्रदेशाला वळसा घालणारी, नुसता पिवळा म्हणजे दिवसाभरात होणारी गावफेरी. त्याच रंगांची फुली दिसली तर तिकडे जायचं नाही. १९४७ साली ऑर्लेआं ते बोजांसी हा पहिला तुकडा रंगवला गेला. आज खुणा केलेल्या वाटांचं जाळं दीड लाख किलोमीटरहून मोठं आहे आणि ब्रश घेऊन फिरणारे बहुतेक सगळे हौशी स्वयंसेवक.

हं, करा सुरुवात.

गोदाकाठ

मी नाशिकचा. पाणथळ म्हटलं की डोळ्यासमोर नांदूरमध्यमेश्वर. नोकरीसाठी शातोरूला आलो आणि कळलं की गाडीने तासाभराच्या आत ब्रेन आहे. तेव्हापासून सुटीचा दिवस तिथेच जातो.

इथले लोक त्याला हजार तळ्यांचा मुलूख म्हणतात. तळी त्याहून कितीतरी जास्त आहेत आणि जवळजवळ सगळी माणसांनी केलेली. जमीन चिकणमातीची, शेतीला नालायक. मध्ययुगात मठांनी ओढ्यांना बांध घालून मासे पाळायला सुरुवात केली, कारण उपवासाला मांस चालत नसे, मासा चाले. आपलं नांदूरमध्यमेश्वर तरी काय, गोदावरी-कादवेच्या बंधाऱ्याने झालेलंच. आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून ब्रेनला रामसर दर्जा १९९१ मध्ये मिळाला, नांदूरचा २०२० मध्ये जाहीर झाला. त्यामुळे 'कृत्रिम तळ्यात कसले पक्षी' म्हणून कुणी नाक मुरडलं की मला गंमत वाटते.

मे-जूनमध्ये या. जांभळे बगळे बोरूच्या बेटात, कमळपानांवर घरटी मांडलेले सुरय, आणि संध्याकाळी वाटेवर कासव. युरोपातलं तळ्याचं कासव, काळपट पाठीवर पिवळे ठिपके. मादी तळ्यातून निघते आणि वाळूसर, कोरडं गवत शोधत चालत सुटते. एकदा शेरीनच्या राखीव क्षेत्राजवळ एक मादी अगदी वाटेच्या कडेला खड्डा काढताना दिसली. जमीन टणक होती. तिने आधी मूत्राशयातलं पाणी सोडून माती भिजवली, मग मागच्या पायांनी आळीपाळीने चिखल उपसायला लागली. एक पाय थांबला की दुसरा चालू. मी लांब गवतात बसलो होतो. अंधार पडला तरी तिचं संपेना, शेवटी मीच उठलो. कासव रस्ता ओलांडताना दिसलं तर तळ्यात नेऊन सोडू नका. ती पाण्यातून मुद्दाम बाहेर आलेली असते.

दुसरा मोसम शरद ते हिवाळा, मासेमारीचा. तळ्याच्या तळाशी मोरी असते. ती उघडली की पाणी हळूहळू खालच्या तळ्यात उतरतं, त्याची मोरी उघडली की त्याच्या खालच्या. तळी अशी साखळीने बांधलेली आहेत. शेवटी बांधापाशी उरलेल्या डबक्यात सगळे मासे गोळा होतात. छातीपर्यंत रबरी विजारी घातलेली माणसं जाळं ओढतात आणि काठावरच्या फळ्यांवर निवडानिवड चालते, कार्प एका पाटीत, दातेरी जबड्याचा पाइक वेगळा. पलीकडे करड्या बगळ्यांची रांग लागलेली असतेच. याच दिवसांत क्रौंचांचे थवेही येतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बहुतेक तळी खाजगी आहेत. नकाशावर निळं दिसलं म्हणून काठाने चक्कर मारता येईलच असं नाही. रॉस्ने गावाजवळ बूशेला ब्रेनच्या प्रादेशिक उद्यानाचं केंद्र आहे, तिथून फेऱ्यांचे नकाशे घ्या आणि ठरलेल्या वाटेने चाला. लपणं बांधलेली आहेत, तिथून व्यवस्थित दिसतं. @वाटसरू, सगळं सपाट आहे, आईंना जमेल.

पिठलंभाकरी

वाचतोय. खाण्याचं कुणीच लिहिलं नाही अजून. कार्प सोडून.

चालती आजी

पिठलंभाकरी, मी लिहिते. आळंदी-पंढरपूर पायी झाल्यावर तुलूझची लेक म्हणाली, आता इकडचं चाल. म्हणून ल प्वी-आं-व्हलेपासून कोंकपर्यंत गेले, साधारण दोनशे किलोमीटर. जी.आर. ६५. स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्यांची ही जुनी वाट, दहाव्या शतकात ल प्वीचा बिशप इथून निघाला होता.

या वाटेला 'फ्रेंच वारी' म्हणतात ते मला पटलं नाही. वारीत आपण दिंडीचे असतो. कुठे थांबायचं, कधी जेवायचं, कुठला अभंग, सगळं दिंडी ठरवते, आणि दमलेल्या माणसालाही टाळ ओढत नेतो. इथे सकाळी जो तो आपापला निघतो. दिवसभर एखाद्याची पाठ पुढच्या वळणावर दिसते, बस्स. बोलणं होतं ते रात्री, मुक्कामाच्या जागी एका लांब टेबलावर. सात वाजता जेवण म्हणजे सातला. बूट दाराशी फळीवर, काठी पिंपात, आणि बऱ्याच ठिकाणी पाठपिशवी खोलीबाहेर ठेवायला सांगतात, ढेकणांच्या भीतीने. राग मानू नका, सगळ्यांनाच सांगतात.

ओब्राकचं पठार मात्र विसरायचं नाही. नास्बिनाल सोडलं की झाडं संपतात. नुसतं गवत, रचलेल्या दगडांचे गडगे आणि डोळ्यांभोवती काळी कड असलेल्या पिंगट गाई. धुकं असं उतरतं की गडग्याला हात लावत चालावं लागतं. ओब्राक गावात यात्रेकरूंसाठी बाराव्या शतकात धर्मशाळा बांधली होती. धुक्यात, बर्फात वाट चुकलेल्यांसाठी तिथली घंटा वाजवत राहायचे. मी पोचले तेव्हा चर्चचा मनोराही दिसत नव्हता, त्यामुळे घंटेची सोय का केली असेल हे कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

आता खाणं. आलिगो! उकडलेला बटाटा, ताजं चीज, साय, लसूण घोटघोट घोटतात आणि डावाने वर ओढलं की हातभर तार येते. त्यात मांस नसतं, पण सोबत सॉसेज वाढतात, ते 'नको' म्हणायचं. ल प्वीची हिरवी मसूर प्रसिद्ध आहे, पण आमटीत डुकराचे तुकडे टाकायची खोड आहे, आधी विचारा. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की ऑम्लेट किंवा भाजी नक्की मिळते, ऐनवेळी सांगितलं तर पाव आणि चीज. मेतकुटाची डबी जवळ असू द्या.

पाणी दफनभूमीत भरायचं. खरंच. फुलांना घालायला तिथे नळ असतो आणि या वाटेवर सगळे तिथेच बाटल्या भरतात. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, तेवढं बघायचं. मला पहिल्यांदा कसंसंच झालं. ऊन वाढल्यावर काही वाटेनासं झालं.

विद्यार्थी पॅरिस १३

खिशात पैसे नाहीत, गाडी नाही, त्यामुळे माझं रान एकच: फोंतेनब्लो. गार द लियोंहून लोकल, पाऊण तासात आव्हों स्टेशन, फलाटावरून उतरलं की जंगल.

झाडाच्या बुंध्यावर निळा बाण दिसला तर त्याला हात लावून या. नेपोलियनच्या सैन्यातून आलेला देनकूर नावाचा माणूस १८४० च्या दशकात स्वखर्चाने या जंगलात वाटा पाडत, गुहा उकरत, बाण रंगवत फिरायचा. खुणा करून चालायच्या वाटांची सुरुवात बरेच जण इथूनच मानतात. बार्बिझोंच्या चित्रकारांनी झाडं तोडायला विरोध केला आणि १८६१ मध्ये जंगलाचा एक भाग चित्रांसाठी म्हणून राखला गेला. अमेरिकेतलं यलोस्टोन १८७२ चं आहे, हिशोब करा.

वाटा छोट्या आहेत पण वाळूखडकांवरून सतत वरखाली. गुडघेवाल्यांनी जपून. रविवारी निम्मं पॅरिस पाठीला गाद्या बांधून दगड चढायला येतं, तेव्हा मधल्या वारी जा.

खडकीकर सॅपर

निवृत्त. मुलगा लीलला आहे. उत्तरेकडे 'चालायला' कुणी जात नाही, जमीन सपाट, चर आणि बीटाची शेतं. मी नव्ह-शापेलला गेलो, कारण २८ ऑक्टोबर १९१४ रोजी या गावावरच्या हल्ल्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर आमच्या खडकीच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. बांधकामाची माणसं संगिनी लावून पायदळासारखी घरोघर लढली. प्रचंड हानी झाली.

गावाबाहेर चौकात भारतीय स्मारक आहे, १९२७ चं. वर्तुळाकार भिंत, उंच स्तंभ, पायाशी दगडी वाघ. ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं भिंतीवर आहेत, तुकडीनुसार कोरलेली. सॅपर्सचा रकाना शोधून एकेक नाव बोटाने वाचत गेलो. बरोबर नातू होता, तो आधी टंगळमंगळ करत होता, मग तोही वाचायला लागला. शेजारीच पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे.

नंतर शेतरस्त्याने चाललो तेव्हा एक गोष्ट पुस्तकाबाहेर कळली. चरात पाणी जमिनीच्या इतकं जवळ उभं होतं की इथे खोल खंदक खणताच येत नाही. म्हणून तेव्हा मातीच्या पोत्यांचे बांध रचून त्याआड राहायचे. हिवाळ्यात, गुडघाभर चिखलात. अजूनही नांगराला तोफगोळे लागतात. शेताच्या कडेला गंजलेलं काही दिसलं तर हात लावायचा नाही, हे मुलांना आधी बजावा.

उरलेला दिवस सेंतोमेरच्या पाणथळीत घालवला. कालव्यांच्या मधल्या पट्ट्यांवर फ्लॉवरची शेतं, काही घरांना टपालसुद्धा होडीतून जातं.

दोन पोरांची आई

@वाटसरू, आईंसाठी कुलों गाव. माऱे प्वातव्हँ नावाच्या पाणथळीत, नियोरजवळ. आमच्या सासूबाईंचेही गुडघे असेच, पण सेव्र नदीच्या काठाकाठाने सकाळी सावलीत मजेत चालल्या. दोन्हीकडे डोकं छाटलेले अॅश वृक्ष, त्यांच्या मुळांनी काठ धरून ठेवलाय. थकलं की सपाट बुडाची होडी. नावाडी वल्ह्याने तळचा चिखल ढवळतो, बुडबुडे येतात आणि काडी लावली की पाण्यावर ज्वाळ. पोरं वेडी झाली. (मिथेन आहे, जादू नाही, पण हे मी त्यांना परतीच्या प्रवासात सांगितलं.)

मोजेत नावाचं पांढऱ्या घेवड्याचं उसळीसारखं प्रकरण मिळतं, लोणी घालून. तिखट नाही.

गावं देखणी आहेत, पण सगळा प्रदेश असा नाही. मक्यासाठी इतकी पाणथळ सुकवली की १९९६ मध्ये प्रादेशिक उद्यानाचा दर्जा गेला, तो परत मिळायला २०१४ उजाडलं. मोठ्या रस्त्याने येताना दोन्ही फ्रान्स एकापाठोपाठ दिसतात.

रानवारा

सोलोन्यबद्दल लिहितो, कारण ऑर्लेआंच्या आम्हा लोकांचं जवळचं रान तेच. हेदर, बर्च, तळी, ऑक्टोबरात अळंबी. आणि कुंपणं. शिकारीसाठी राखलेल्या इस्टेटींनी माणसापेक्षा उंच जाळ्या ठोकलेल्या, मधली सार्वजनिक वाट म्हणजे दोन्हीकडे पिंजरा. २०२३ च्या कायद्याने नव्या कुंपणाची उंची १ मीटर २० सेंटिमीटरवर आणली आणि खाली ३० सेंटिमीटर मोकळे सोडायला लावले, प्राण्यांना जाता यावं म्हणून. त्याच कायद्यात दुसऱ्याच्या रानात शिरण्याला दंडही आहे. तेव्हा पिवळी खूण सोडायची नाही.

सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा मोसम. वाटेवर 'शिकार चालू आहे' अशी पाटी दिसली की मागे फिरा, पुढे थोडंच राहिलंय म्हणून रेटू नका. भडक नारिंगी जाकीट घाला, कुत्र्यालाही घाला. एकदा अशाच एका पाटीपाशी उभा असताना नारिंगी टोपीतले एक काका झाडीतून बाहेर आले. मला म्हणाले, तासभर त्या चर्चच्या पारावर बसा, आमचं आटपतंच आहे. बसलो. आटपल्यावर स्वतः सांगायला आले.

आणि सगळ्यांना: बारा ते दोन गाव बंद. सोमवारी बेकरी बहुधा बंद. खेड्यातली बस शाळेच्या वेळापत्रकाने धावते, म्हणजे शाळेला सुटी तर बसला सुटी. दुकानात शिरताना 'बोंजूर' आधी, प्रश्न नंतर.

डॉ. पायपीट

कुणीच गोचीडींचं लिहिलं नाही म्हणून. वर आलेल्या जवळजवळ प्रत्येक रानात आहेत, वसंत ते शरद. पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली, मुलांच्या केसांत बघा. चिकटलेली सापडली तर तेल लावू नका, पिळू नका, जाळू नका. फ्रान्समध्ये कुठल्याही औषधाच्या दुकानात छोटा प्लास्टिकचा आकडा मिळतो, तो कातडीलगत सरकवून फिरवत काढायची. तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात चावलेल्या जागी लाल चट्टा पसरत गेला तर भारतात परतलेले असलात तरी डॉक्टरांना 'फ्रान्सच्या जंगलात गोचीड चावली होती' हे आवर्जून सांगा, कारण आपल्याकडे गोचीडीमुळे होणारा लाइम आजार पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.