जेवणानंतर घ्रेलिन (भुकेचं हार्मोन) खाली येत नाही, गडबड कुठे असेल?

प्रश्न
12 तासांच्या उपासानंतर 500 किलोकॅलरीचा ठरावीक नाश्ता. रक्त 0, 30, 60, 120, 180 मिनिटांना, ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या ट्यूबमध्ये. ट्यूब लगेच बर्फात, तासाभरात सेंट्रिफ्यूज, प्लाझ्मा उणे 80 अंशांना. ॲक्टिव्ह घ्रेलिनचा एलायझा (प्रतिपिंडांवर चालणारी मोजणीची चाचणी) लावला तर उपाशीपोटीचे आकडेसुद्धा तळाला, आणि नंतरचा उतार दिसतच नाही. किटचे कंट्रोल (माहीत प्रमाणाचे नमुने) बरोबर येतात. भुकेच्या 100 मि.मी. रेषेवर (किती भूक आहे याची खूण जिच्यावर करतात) मात्र भूक व्यवस्थित उतरते. चुकतंय काय?

उत्तर 1
कंट्रोल बरोबर असतील तर किट सोडा, ट्यूब बघा. ॲक्टिव्ह घ्रेलिनच्या साखळीत तिसऱ्या जागी असलेल्या सेरीन या अमिनो आम्लाला ऑक्टॅनॉइक आम्ल चिकटलेलं असतं. रक्तातली एस्टरेज विकरं ते तोडतात आणि तुमच्या किटला ते घ्रेलिन दिसेनासं होतं. बर्फाने ही मोडतोड मंदावते, थांबत नाही.

ट्यूब आधीच गार करून ठेवा. रक्त घेतल्या घेतल्या एईबीएसएफ (ही विकरं रोखणारं रसायन) घाला, 1 मि.ली. रक्तात 1 मि.ग्रॅ. या हिशेबाने. ट्यूब हळूच पाच-सहा वेळा उलटीसुलटी करा. जोरात हलवलीत तर तांबड्या पेशी फुटतात. 4 अंशांवर, अर्ध्या तासाच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. वेगळ्या केलेल्या प्लाझ्मात मि.ली.मागे 50 मायक्रोलिटर 1 नॉर्मल (1N) तीव्रतेचं हायड्रोक्लोरिक आम्ल घाला (प्रमाण किटच्या पत्रकाशी ताडून घ्या). साका दिसला तर घाबरू नका, चाचणीआधी पुन्हा फिरवून वरचं घ्या. लहान भाग करून गोठवा, एकदाच वितळवा.

आधीच्या नमुन्यांतलं ॲक्टिव्ह घ्रेलिन गेलं ते गेलं. एकूण घ्रेलिन (आम्ल चिकटलेलं आणि सुटलेलं मिळून) जास्त टिकाऊ असतं, त्याचं किट लावून बघा.

उत्तर 2
रक्त घेण्याच्या वेळांमध्येही भोक आहे. घ्रेलिनचा तळ बहुतेकदा 30 ते 90 मिनिटांत येतो, म्हणून 45 आणि 90 हवेतच. कॅन्युला (रक्त घेण्यासाठी शिरेत ठेवायची नळी) लावल्यावर निदान अर्धा तास थांबा. उणे 15 आणि 0 अशी दोन मापं घेऊन सरासरी धरा. नाश्त्यात स्निग्धांश किती आहे? स्निग्ध पदार्थांनी घ्रेलिन कर्बोदकांपेक्षा कमी दबतं.

भूक उतरली आणि घ्रेलिन हललं नाही, यात मुळात विसंगती नाही. पोट ताणल्याने पोट भरल्यासारखं वाटतं, पण घ्रेलिन त्याने खाली येत नाही. उंदरांमध्ये जठराचं दार बंद ठेवून जठर ग्लुकोजने भरलं, तरी ते उतरलं नाही. अन्न आतड्यात पोचावं लागतं.

आणि हो, ती रेषा पट्टीने मोजलीत का? छापताना 'पानात बसवा' चालू राहिलं की 100 ची रेषा आखूड होते आणि सगळे गुण कमी भरतात.

प्रश्नकर्ता
रेषा 96 भरली! याच ट्यूबमधून जीएलपी-1 (आतड्यातून येणारं, भूक कमी करणारं हार्मोन) मोजता येईल का?

उत्तर 1
ॲक्टिव्ह हवं असेल तर नाही. डीपीपी-4 हे विकर शरीरात ते दोनेक मिनिटांत अर्ध्यावर आणतं. वेगळी ट्यूब घ्या, तिच्यात डीपीपी-4 रोधक आधीपासून असू द्या, आणि त्या प्लाझ्मात आम्ल घालू नका.