आयसीला इतक्यात दोष नको
उलट पोलॅरिटीचा (प्लस-मायनस उलटे असलेला) अडॅप्टर लागून गिटारचं इफेक्ट पेडल बंद पडलं म्हणजे आतला आयसीच (चिप) उडाला, असं एकाने म्हटलंय. इतकी घाई नको! बऱ्याच पेडलमध्ये पॉवर जॅकजवळ एक संरक्षक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, बहुधा १एन४००१. बाकीच्या भागांना वाचवताना तोच शॉर्ट होऊन बसतो, म्हणजे दोन्ही दिशांनी वीज जाऊ देतो. अडॅप्टर आणि बॅटरी काढा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि प्रोब डायोडच्या दोन पायांना लावा. प्रोब उलटसुलट करूनही बीप येत असेल तर डायोडचा एक पाय सोडवून पुन्हा तपासा, कारण शॉर्ट दुसरीकडेही असू शकतो. नवा डायोड लावताना त्याच्यावरची पट्टी जुन्याच दिशेला. शेजारचा रेझिस्टर काळवंडलाय का, कपॅसिटर फुगलाय का, तेही बघा. मात्र ९ व्होल्टच्या पेडलला सरळ पोलॅरिटीनेच १८ व्होल्ट गेले असतील, तर हा डायोड नुसता बघत बसतो. मग आयसीवरचा संशय रास्त.